आयातीवरची ड्युटी किती आहे यापेक्षा ती कधी बदलते ते बघा

तुमचा प्रश्न वाचला. घरी सहा एकर, सोयाबीन आणि तूर. वडील म्हणतात बाहेरून माल आणणं बंद करा तरच शेतकरी जगेल, क्लासचे सर म्हणतात मुक्त व्यापारानेच देश श्रीमंत होतो आणि संरक्षण दिलं की लोक आळशी होतात, तर दोघांत बरोबर कोण आणि पेपरात काय लिहायचं. मी अर्थशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य बाजारात, सत्तावीस वर्षं झाली, आधी आडत केली, नंतर डाळ मिल टाकली, त्यामुळं हा विषय मला रोज सौद्यात दिसतो तसाच सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी मिलवाला आहे, तूर स्वस्त मिळाली तर माझा फायदा होतो, आणि बाहेरची तूर मी दरवर्षी घेतो. माझं म्हणणं वाचताना हे ध्यानात ठेवा.

सरांचं आधी घेऊ, कारण ते चुकीचं सांगत नाहीत. रिकार्डो नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८१७ साली इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन मांडणी केली की ज्याला जे तुलनेनं चांगलं जमतं ते त्यानं करावं, बाकीचं विकत घ्यावं, दोघांचंही भलं होतं. हे आपल्याला कळायला अवघड नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वेळी कुणी म्हणालं नाही की बाहेरचं पाणी नको. आपल्याकडं जे नाही ते जिथं आहे तिथून आणायचं, व्यापाराचं मूळ एवढंच आहे. तुरीचंही तसंच बघा, देशाला वर्षाला साधारण ४५ लाख टन तूर लागते आणि पिकते ३५ लाख टनांच्या आसपास. उरलेली कुठून आणायची? आपल्याकडची नवी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, एप्रिल-मेपर्यंत आवक चांगली राहते, नंतर मोंढा रिकामा व्हायला लागतो. मग म्यानमारची लेमन, मोझांबिकची गजरी, टांझानियाची मटवारा असा माल मुंबई बंदरावरून येतो आणि त्याच्यावर आमच्या मिली दिवाळीपर्यंत चालतात. तो माल आला नाही तर मिलमधले हमाल, निवडणाऱ्या बायका घरी बसतात आणि डाळीचा भाव कुठं जातो हे २०१५ ला सगळ्यांनी बघितलंय, किलोला दोनशे रुपये. आणि ही महाग डाळ विकत घेणाऱ्यांत शेतकरी पण असतो, हे तुमच्या वडलांना सांगा. दोन-तीन एकरवाला जानेवारीत तूर विकतो आणि श्रावणात किराणा दुकानातून डाळ आणतो. ऊसतोडीला जाणाऱ्याकडं तर विकायलाही काही नसतं.

आता सरांची मांडणी कुठं कमी पडते ते. त्या मांडणीत असं धरलंय की एक धंदा बसला की माणूस दुसऱ्या धंद्यात जातो. कोरडवाहू काळ्या रानात खरिपाला सोयाबीन, तूर, कापूस, थोडं मूग-उडीद, याच्यापलीकडं जायला जागा किती आहे ते तुम्हीच सांगा. दुसरं म्हणजे स्वस्त आयातीचा फायदा कोट्यवधी घरांत किलोमागं चार-पाच रुपये असा वाटला जातो, कुणाच्या नजरेत पण येत नाही, आणि तोटा मात्र काही जिल्ह्यांतल्या काही लाख घरांवर कुंटलमागं हजार रुपये असा एकदम पडतो. बेरीज केली तर देश फायद्यात निघेल. पण ज्याचं गेलं त्याला त्या फायद्यातून काही परत मिळालेलं मी तरी सत्तावीस वर्षांत बघितलं नाही.

म्हणून मला वाटतं तुमचा खरा प्रश्न खुलं का बंद हा नाहीच. तुमच्या वडलांनी जूनमधे पेरलं तेव्हा एक नियम होता आणि ऑक्टोबरमधे माल काट्यावर आला तेव्हा दुसराच होता, दुखणं हे आहे. दोन-तीन वर्षांचा अनुभव सांगतो म्हणजे कळेल.

२०१५ ला तूर भडकली. सगळीकडून सांगितलं गेलं कडधान्य पेरा, २०१६ ला पाऊस पण बरा झाला, लोकांनी मन लावून तूर पेरली. आणि त्याच २०१६ मधे मोझांबिकबरोबर पाच वर्षांचा करार झाला, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि वाढवत वाढवत दोन लाख टनांपर्यंत नेण्याचा. मोठे आयातदार बाहेर सौदे करून बसले. त्या हंगामात देशात तूर पिकली ४८ लाख टनांच्या आसपास, आधीच्या वर्षाच्या जवळपास दुप्पट, आणि त्याच वर्षी सगळी कडधान्यं मिळून ६६ लाख टन बाहेरूनही आली. हमीभाव बोनससकट ५०५० रुपये होता आणि मोंढ्यात तूर चार हजारांच्या खाली विकलेली मी स्वतः बघितली, स्वतः घेतली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना (रिकामी पोती) संपला म्हणून काटा बंद, माणसं आठ-आठ दिवस पोत्यांवर झोपलेली. आमच्या गावाकडचा एक नातेवाईक नऊ दिवस रांगेत राहिला आणि दहाव्या दिवशी माझ्याच आडतीवाल्या मित्राकडं ३८०० नं देऊन गेला, कारण लेकीचं लग्न अठरा तारखेला होतं. त्याला मी काय सांगायला पाहिजे होतं हे मला अजून सुचत नाही.

आता तारखा बघा. तुरीवर १० टक्के आयात शुल्क लागलं २०१७ च्या मार्चअखेर. आयातीला दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्टमधे. आणि डाळींची निर्यात, जी २००६ पासून बंद होती, ती तुरीसाठी उघडली सप्टेंबरमधे. म्हणजे बाहेर विकायचं दार अकरा वर्षं बंद, आत यायचं दार उघडं, आणि ज्या दिवशी शेतकऱ्याच्या घरात तूर शिल्लक राहिली नाही त्यानंतर सगळे उपाय. याला मुक्त व्यापार म्हणता येणार नाही, कारण निर्यात बंद होती. संरक्षण तर त्याहून म्हणता येणार नाही. सरांना हे नक्की विचारा की याचं नाव काय.

सोयाबीनचं प्रकरण थोडं वेगळं आहे आणि इथं वडलांचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश वाचा. १४ सप्टेंबर २०२४ ला सरकारनं कच्च्या पामतेल, सोयातेल, सूर्यफूल तेलावरचं शुल्क सगळे अधिभार धरून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. मोठी वाढ होती. मोंढ्यात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. हमीभाव ४८९२. आणि दिवाळीत सोयाबीन विकलं चार हजार ते साडेचार हजारनं. लोक विचारायला लागले व्यापाऱ्यांनी भाव पाडला का. आता मी व्यापारी आहे म्हणून बाजू घेतोय असं समजू नका, आकडा मांडून बघा.

एक कुंटल सोयाबीन प्लांटला गेलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या वर पेंड, जिला आम्ही डीओसी म्हणतो. समजा ड्युटीमुळं तेल किलोमागं २० रुपयांनी वाढलं, तर १८ किलोचे झाले ३६० रुपये. आणि त्याच वेळी पेंड किलोमागं फक्त १० रुपयांनी पडली तर ८० किलोचे गेले ८०० रुपये. म्हणजे तेल वाढूनही सोयाबीन कुंटलमागं ४४० रुपयांनी खाली. आणि पेंड पडायचं कारण काय, तर इथेनॉल. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो, डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडी खाद्यात स्वस्तात जायला लागला आणि सोयापेंडीचं गिऱ्हाईक तुटलं. बाहेर पेंड विकायची तर ब्राझील-अर्जेंटिनाची आपल्यापेक्षा स्वस्त. तेलाच्या ड्युटीनं पेंडीला काय होणार? सोयाबीन हे नावाला तेलबिया आहे, त्याचा भाव पेंड ठरवते. आयात शुल्क कोणत्या मालावर लावलं आणि मार कोणत्या मालातून बसतोय हे न बघता नुसतं "ड्युटी वाढवा" म्हटलं तर असं होतं.

पुढचं पण बघा. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरची ड्युटी कमी करून १६.५ टक्के केली, रिफाइंडवरची ३५.७५ तशीच ठेवली. या फरकाचा फायदा बंदरावरच्या रिफायनऱ्यांना झाला, बाहेरून कच्चं तेल आणून इथं रिफाइंड करणं त्यांना परवडायला लागलं. देशातला उद्योग वाचला हे खरं, त्यात वाईट काही नाही, पण तो सोयाबीनवाल्याचा उद्योग नव्हता. संरक्षण दिलं असं बातमीत आलं की ते कुणाला दिलं हे विचारायची सवय लावून घ्या.

आणि २०२१ तर तुम्हाला आठवत असेल. जुलै-ऑगस्टमधे सोयाबीन दहा हजारांवर गेलं. कोंबडीवाले ओरडले, त्यांचंही खरं होतं, खाद्य परवडत नव्हतं. ऑगस्टमधे १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. दसऱ्याच्या आसपास नवं सोयाबीन आलं तेव्हा भाव पाच-सहा हजारांवर. डिसेंबरमधे सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे, पण बंद केले, म्हणजे पुढचा भाव काय निघेल याचा अंदाज घ्यायची एक जागा होती ती पण गेली. यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. आपल्या शेतकऱ्याला जीएम सोयाबीन पेरायला परवानगी नाही. पण जीएम सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली. ब्राझीलवाला एकरी तेरा-चौदा कुंटल काढतो, आपल्याकडं देशाची सरासरी एकरी चार कुंटलच्या आसपास. जीएम बियाणं चांगलं का वाईट हा वेगळा वाद आहे, त्यात मी पडत नाही, ब्राझीलचं उत्पादन नुसत्या जीएममुळं आहे असंही नाही, जमीन, पाऊस, संशोधन, यंत्रं सगळं आहे. पण शर्यत खुली करायची आणि एकाचे पाय बांधायचे, असं कसं चालेल? खुल्या बाजाराच्या बाजूचे शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच सांगायचे, शेतकऱ्याला बाजार खुला पाहिजे तसं तंत्रज्ञान पण खुलं पाहिजे आणि निर्यात पण. नव्वदच्या सुरुवातीला सगळे डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या, विरोधात असताना ते बाजूनं बोलत होते, कारण त्यांचा हिशोब असा होता की आपलं सरकार शेतकऱ्याला देतं कमी आणि भाव पाडून घेतं जास्त, उणे सबसिडी म्हणायचे ते. आमच्या भागात ते ऐकायला माणसं मैल-मैल चालत गेलेली आहेत. आज त्यांना मानणारे त्यातलं खुल्या आयातीचं विसरतात आणि विरोधक खुल्या निर्यातीचं विसरतात.

याच्या उलट बाजूनं न्यायमूर्ती रानडे. १८९२ ला पुण्यात डेक्कन कॉलेजात भाषण केलं आणि मांडलं की इंग्लंडला जो खुला व्यापार लागू पडतो तो हिंदुस्थानासारख्या मागं पडलेल्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही, उद्योग उभे राहीपर्यंत सरकारनं हात दिला पाहिजे. पेपरात लिहायला ही दोन नावं वापरा, रिकार्डो सगळेच लिहितात.

रानडेंचं म्हणणं मराठवाड्यात कुठं खरं झालं तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला. १९८५ ला बजाजचा कारखाना आला तेव्हा बाहेरच्या गाड्या देशात येणं जवळपास अशक्य होतं, त्या भिंतीच्या आड आजूबाजूला सुटे भाग करणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले, माझे दोन मामेभाऊ तिथंच लेथवर शिकले. पण त्याच भिंतीमुळं त्या काळात स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, हे पण खरं. १९९१ ला परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं राहिलं, दारं उघडावी लागली, ऐंशीच्या दशकात भागीदारीनं आलेल्या जपानी कंपन्यांची स्पर्धा वाढली, आणि मोटरसायकल आणखी चांगली निघायला लागली. आज वाळूजच्या मोटरसायकली आफ्रिकेत टॅक्सी म्हणून चालतात आणि आफ्रिकेची तूर माझ्या मिलमधे येते. दोन्ही गोष्टी मला पाहिजेत. भिंतीनं कारखाना उभा केला, भिंत काढल्यावर तो चांगला झाला, आणि दोन्हीपैकी एक जरी नसतं तरी हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

तेलबियांचं मात्र उलटं झालं. १९८६ ला तेलबिया मिशन सुरू झालं, ड्युटी होती, भाव होता, बियाणं होतं, आणि नव्वदच्या सुरुवातीला देश गरजेचं जवळपास सगळं तेल स्वतः काढत होता. १९९४ ला पामोलिनची, म्हणजे रिफाइंड पामतेलाची, आयात खुली केली ६५ टक्के शुल्कावर, आणि चार वर्षांत ते १५ टक्क्यांवर आणलं. माझ्या लहानपणी आमच्या शिवारात रब्बीला ज्वारीत करडीच्या ओळी असायच्या, सूर्यफुलानं रानं पिवळी दिसायची, गावात घाणा होता. आता करडी शोधावी लागते. सगळा दोष पामोलिनला देणार नाही, करडीच्या काट्यांना मजूर मिळेना, सूर्यफुलाला पाखरांचा त्रास, सोयाबीन सोपं पडलं. पण वाळूजला भिंत उतरवायला जेवढी वर्षं मिळाली तेवढी करडीला मिळाली नाहीत. आज आपण वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर खाद्यतेल आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त.

मग माझं मत काय, तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे हे आधी कबूल करतो. जी वस्तू आपल्याकडं होतच नाही किंवा फारच कमी होते तिच्यावर जास्त शुल्क लावणं म्हणजे गरिबाच्या ताटावर कर. जी वस्तू आपल्याकडं होऊ शकते पण अजून समोरच्याच्या बरोबरीला आली नाही, तिला आडोसा द्यावा, मात्र मुदत सांगून, आणि त्या मुदतीत बियाणं, पाणी, साठवण यावर पैसा टाकून. नुसता आडोसा दिला आणि एकरी चार कुंटलचे पाच झाले नाहीत तर दहा वर्षांनी आपण इथंच असणार. जागतिक करारात सोयातेलावर ४५ टक्के आणि पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा आपण घेऊन ठेवलेली आहे, म्हणजे हात बांधलेले आहेत असंही नाही.

पण माझ्या धंद्यातून एकच मागणी करायची असेल तर मी शुल्क वाढवा म्हणणार नाही आणि कमी करा पण म्हणणार नाही. मी म्हणेन मे महिन्यात, पेरणीच्या आधी, सांगा की येत्या मार्चपर्यंत काय नियम राहणार, आणि मग तो हलवू नका. भाव हमीभावाच्या इतका खाली गेला तर शुल्क इतकं वाढेल, इतका वर गेला तर इतकं उतरेल, हे आधीच कागदावर लिहून ठेवा, मग मीटिंगा घ्यायची गरज नाही. निर्यात बंदी तर नकोच, गरिबाला डाळ स्वस्त द्यायची तर रेशनवर सरकारच्या पैशानं द्या, तुरीवाल्याच्या पैशानं नको. मला मिलवाला म्हणून पण हेच परवडतं. डिसेंबर २०२३ ला हरभऱ्याला पर्याय म्हणून चालणारा पिवळा वाटाणा शून्य ड्युटीवर खुला झाला, पुन्हा पुन्हा मुदत वाढत गेली, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्यावर ३० टक्के लागले. दर मुदतीला माझ्यासारखा माणूस गोडाऊनमधल्या मालाकडं बघत बसतो. हरभरावाल्याचं काय होत असेल.

ताजं उदाहरण कापसाचं. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मधे आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड गिरण्या अडचणीत आल्या, त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरणीचा मजूर वाचवायला पाहिजे होता, मी नाही म्हणत नाही. पण बीड, जालना, परभणीत वेचणी सुरू होते ऑक्टोबरमधे आणि डिसेंबरपर्यंत आवक भरात असते. परदेशातल्या संरक्षणाचं बिल इकडं कापूसवाल्याच्या नावानं फाटलं, आणि पीक रानात उभं असताना.

थोडक्यात पेपरापुरतं असं लिहा की दोन्ही धोरणांनी देश पुढं गेलेत आणि दोन्हींनी बुडालेत, फरक मुदत, कोणत्या वस्तूवर, आणि नियम टिकतो का यानं पडतो, आणि उदाहरण म्हणून वर सांगितलेल्या तारखा द्या. तारखा बरोबर असल्या की तपासणारा वाचतो.

आणि वडलांसाठी. यंदा सोयाबीन ठेवायचं का विकायचं असं ते विचारत असतील तर देणं भागेल एवढं, म्हणजे निम्मं-अर्धं, ओल १२ टक्क्यांच्या आत आणून हमीभावाचं केंद्र चालू असेल तर तिथं द्या, नोंदणी लवकर करा. उरलेलं ठेवायचं तर टीव्हीवर तेलाचा भाव बघत बसू नका. जवळच्या प्लांटवाल्याला फोन करून डीओसीचा भाव विचारा, आठवड्यातनं एकदा, आणि वहीत लिहून ठेवा. पेंड सलग तीन-चार आठवडे चढताना दिसली तर थांबण्यात अर्थ आहे, नाहीतर होळीच्या आत मोकळे व्हा.